शनिवारी रान मोकळं

दुकानाच्या दाराशी, हरवलेल्या मांजराच्या चिठ्ठीशेजारी
दर सोमवारी छावणीचा कागद लागतो:
मंगळवार, बुधवार तोफा, आठ ते चार.
गुरुवारी नुसत्या रायफली.
शनिवारी रान मोकळं.

आम्ही पेतायासुओची माणसं त्यावरून आठवडा मांडतो.
तान्ह्याला कधी निजवायचं,
फळीवरच्या मुरंब्याच्या बरण्या कधी खाली घ्यायच्या,
आणि निशाणाच्या टेकडीमागं
लाल रानबेरी वेचायला कधी जायचं.
जळालेल्या त्या उतारावर बेरी दाट येते.
फिनलंडभर कुठं इतकी येत नसेल.

तोफ उडाली की आधी कपबशी बोलते,
मग कुत्रं,
मग मी म्हणते, "आलं बाई!",
जसं काही कुणी पाहुणंच आलं.

सैनिकघराच्या कढईशी मला तेहेतीस वर्षं झाली.
पगार नाही. हिरवा झगा, पांढरी कॉलर,
आणि वेलची घातलेल्या पिठाचे गोळे:
तळायचे, साखरेत घोळायचे, ताटात रचायचे.
जानेवारीत एक खेप येते, जुलैत दुसरी.
पहिल्या संध्याकाळी येतात ती
नव्यानं उघडे पडलेले कान घेऊन.
टोपी हातात धरावी की काखेत, कळत नाही.
दोन मुंक्की मागतात, चार खातात.
एकजण दर वेळी सुट्टे पैसे मोजतो
आणि मोजताना ओठ हलवतो.
दर खेपेत असा एक असतोच.

छावणी नसती तर शाळेला टाळं लागलं असतं,
असं नगरपालिकेतली माणसं म्हणतात.
असेलही. दातांचा डॉक्टर छावणीमुळे,
दुपारची बस छावणीमुळे,
फेब्रुवारीत रस्ता मोकळा करणारं यंत्र छावणीचं.
माझ्या बहिणीचा नवरा छावणीतला,
त्याचा बहिरा उजवा कानही छावणीनंच दिलेला.
जेवताना बहीण नेहमी त्याच्या डावीकडं बसते.

गेल्या सप्टेंबरात वाइनो हरवला.
एक्क्याऐंशीचा. टोपली घेऊन अळंबीला गेला
आणि कागद वाचायचा राहिला,
किंवा वाचला आणि वार विसरला.
मंगळवार होता.
हेल्वी घरातल्या सपाताच घालून
छावणीच्या फाटकाशी येऊन उभी राहिली.
पहारेकऱ्यानं फोन उचलला.
पाच-सात मिनिटांत तोफा थांबल्या.

एवढी शांतता, तीही मंगळवारी, सवयीची नव्हती.
कुत्रं उठून दाराशी गेलं, परत आलं, पुन्हा गेलं.

दोनशे चाळीस पोरं, दहा आठवड्यांचे शिपाई,
हातभर अंतरानं रांग धरून दलदलीत उतरली.
असं चालायला त्यांना शिकवलेलं
ते दुसऱ्याच कुणाला शोधायला.
अंधार पडला. विजेऱ्या लागल्या.
"वाइनो! वाइनो!" अशा हाका,
जन्मात कधी न पाहिलेल्या म्हाताऱ्याच्या नावानं.

रात्री एकला सापडला, ओढ्याच्या काठाला,
पाय पाण्यात, टोपली मांडीवर, भरलेली.

ज्याला सापडला तो तोर्स्ती,
तोच, सुट्टे मोजणारा.
पहाटे चारला माझ्यापुढं आला, कमरेपर्यंत चिखल.
हात इतके थरथरत होते की कप मीच धरला.
"बोलला का काही?"
"शनिवार आहे ना, असं विचारलं."
"मग?"
"मी हो म्हटलं."
आणि पोरगं रडायला लागलं,
जसं काही आयुष्यातली पहिली थाप मारलेली.

बुधवारी आठला तोफ उडाली. कपबशी बोलली.

दुपारी हेल्वी आली, निवडून धुतलेली अळंबी घेऊन.
बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही असा नियम आहे.
आम्ही मागच्या खोलीत लोण्यावर परतली.
तोर्स्तीला अळंबी आवडत नाही, हे तोंडावर दिसत होतं.
बशी पुसून खाल्ली,
आणि उठताना सवयीनं
खिशात हात घालून
सुट्टे मोजू लागला.