उभा फर्मा

बाबांच्या छापखान्यात लग्नपत्रिकेचा एक फर्मा
कधीच मोडत नसत.
वर गणपतीचा ठोकळा, खाली 'आमचे येथे श्रीकृपेकरून',
आणि चेसमध्ये आवळून धरलेल्या तीन मोकळ्या जागा:
चिरंजीव कोण, सौभाग्यकांक्षिणी कोण, मुहूर्त किती वाजता.
नारायण पेठेतली निम्मी लग्नं
त्या तीन भोकांतून गेली.
यासीनचाचा चिमट्याने जुनी नावं काढायचे,
नवी बसवायचे,
काढलेली जोडपी अक्षर अक्षर सुटी करून
केसच्या खणांत परत टाकायचे.

हे मला आठवलं वारज्यात, रात्री पावणेदोनला,
लॅपटॉपवर साचा लिहिताना.
महिरपी कंस, त्यात 'शीर्षक'.
महिरपी कंस, त्यात 'तारीख'.
महिरपी कंस, त्यात 'मजकूर'.
डोकं आणि तळ सगळ्या पानांना तेच.
डेटाबेस नाही, लॉगिन नाही,
कुणी आलं म्हणून पान नव्याने विचार करत बसणार नाही.
एकदा बांधायचं, पाठवायचं,
मग ते आहे तसं.
छापील कागदासारखं, फक्त शाईचा वास सोडून.

मजकूर म्हणजे बाबांची चुकांची वही.
लाल कापडी पाठीची, चार रकाने आखलेली:
दिनांक, काय हवे होते, काय छापले, भरपाई.

मे त्र्याऐंशी. मुहूर्त पाच वाजून पस्तीस. छापले पस्तीस वाजून पाच.
अडीचशे प्रती फुकट.
ऑगस्ट शहाऐंशी. शोकसभा. छापले शोभासभा.
भरपाई: घरी जाऊन आलो.
डिसेंबर एक्क्याण्णव. छापले 'चि. येथे नाव'.
नमुना काढला आणि नाव भरायचं राहिलं,
तीनशे पत्रिका वाटूनही झाल्या,
त्या नवरदेवाला सासुरवाडीत अजून
येथेनावराव म्हणतात.

एकेचाळीस नोंदी, एकेचाळीस फायली.
पहिल्या खेपेला सगळ्यांवर तारीख आली एक जानेवारी सत्तर,
जणू बाबांनी आयुष्यभराच्या चुका
एकाच दिवशी उरकल्या.
जोडाक्षरं न फोडणारा फॉन्ट शोधण्यात एक रविवार गेला.
मग एक आज्ञा. दीड सेकंद.
एकेचाळीस पानं, त्रुटी शून्य.
ट्रेडलवर याच कामाला चाचांचा पाय
आठवडाभर हलत राहिला असता.

अकरा दिवस मी दुवा पाठवत होते.
छान गं. मस्तच. अंगठे.

बाराव्या दिवशी बाबांनी फोन हातात घेतला,
चष्मा कपाळावर, भिंग डोळ्याला,
आणि मुद्रित तपासावं तसं
तळाकडून वर वाचायला लागले.
पहिल्याच ओळीवर थांबले.
"हे कोण?"

लेखकाचे नाव येथे.
एकेचाळीसच्या एकेचाळीस पानांच्या तळाशी.

"फर्म्यात चूक म्हणजे प्रत्येक प्रतीत चूक.
कागद किती गेला?"
कागद नाही जात, बाबा.
"मग भरपाई कशाची?"

एकच ओळ बदलायची होती.
नाव कुणाचं घालू, मी विचारलं.
वही त्यांची, टाइप केली मी,
आणि यातल्या निम्म्या चुका
यासीनचाचांच्या चिमट्यातून पडलेल्या.
"तिघांचं घाल. मावेल?"
मावेल म्हटलं.
शिशाच्या फर्म्यात मावलं नसतं, असं ते पुटपुटले,
बहुतेक स्वतःशीच.

पुन्हा दीड सेकंद.

मग त्यांनी वही मागितली.
शेवटची नोंद सत्त्याण्णवची, त्यानंतर कोरी पानं.
आखायला पट्टी मिळेना म्हणून
माझं एटीएम कार्ड घेतलं.
दिनांक. हवे होते: नावे. छापले: लेखकाचे नाव येथे.
भरपाईच्या रकान्यापाशी पेन जरा रेंगाळलं.
"आलं घालून," माझ्याकडे न बघता म्हणाले,
आणि लिहिलं: चाहा, दोन कप.

चहाला एक काना जास्त पडला.
बेचाळिसाव्या पानावर मी तो
तसाच जाऊ दिला.