वाकडा बाण

धुळ्यात, गल्ली नंबर सहाच्या तोंडाशी, झेरॉक्सच्या दुकानावर
आमचं ऑफिस : दोन टेबलं, एक कूलर,
आणि भिंतीवरच्या पडद्यात न संपणारा फळा,
बोटानं सरकवला की आणखी पांढरा होत जाणारा.
काम साधं. कुठल्या गल्लीला कुठल्या दिवशी पाणी,
कुठला व्हॉल्व्ह आधी, कुठला मग.
चौकट म्हणजे टाकी, वर्तुळ म्हणजे व्हॉल्व्ह,
बाण म्हणजे पाणी.

सुपडू आप्पा सांगत गेले, मी काढत गेले.
एकतीस वर्षं चावी फिरवली त्यांनी.
निवृत्त होताना ती परत केली का,
हे कोणी विचारत नाही.
त्यांच्या सांगण्यात नंबर नव्हते :
गिरणीकडचा, बोंबल्या, सासू.
सासू म्हणजे जिला उघडायला
दोन माणसं लागतात.

दुपारपर्यंत फळ्यावर चौतीस वर्तुळं
आणि बाणांचा असा गुंता
की कावळ्यानंही घरटं अर्धं टाकून जावं.
मग मी एजंटला आत घेतलं.
'फक्त पाहणे' वरची खूण काढली,
'बदल करणे' वर ठेवली.

जांभळा कर्सर आला. नाव : सहायक.
कोणी धरलेला नाही, तरी हलतोय.
आप्पांनी चष्मा पुसला.
"हाऊ कोन शे?"
मदतनीस, म्हटलं.
"याना हात कोठे शेतस?"

गच्चीवर बिबडे वाळत घालावेत
तशी वर्तुळं ओळीत लागली.
गल्ली एक, गल्ली दोन, तीन,
पट्टीनं आखलेली, थेट आमच्या शहरासारखी.
मला आवडलं. खोटं कशाला बोलू.
कोपऱ्यात चिठ्ठी उमटली :
"२७ आकार रांगेत घेतले. ११ बाण सरळ केले.
एक दुबार वर्तुळ काढून टाकले."

आप्पा उठले.
तंबाखूचा हात पायजम्याला पुसला
आणि काचेवर बोट टेकवलं,
जिथे सकाळी एक बाण वळसा घेत निघाला होता
आणि आता वर्गाच्या मॉनिटरसारखा ताठ उभा होता.
"आठे पानी थांबस," म्हणाले. "मंग जास."

खाली विहीर आहे, कधीची बुजवलेली.
पाइप तिच्या कडेकडेनं जातो.
आणि दुबार वर्तुळ दुबार नव्हतं :
एक व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा,
त्याच्या पोटातला दुसरा अर्धाच,
नाहीतर देवपूरची वरची ओळ कोरडी.

चिडणार होते मी एजंटवर.
पण त्याला दिसलं काय असेल?
चित्र नसेलच बहुधा, यादी असेल आकड्यांची :
डावीकडून एवढं, वरून तेवढं,
रुंदी, उंची, रंग.
आणि आप्पांना तरी?
रात्री तीनला चावीचा दांडा कानाला लावून
ते ऐकायचे, पाणी कुठवर आलं.
पाइप पाहिला नव्हता त्यांनीही.
मी तर नुसता काढला.

सगळे बदल मागे घेतले नाहीत.
रांगा राहू दिल्या, छान होत्या.
बाण पुन्हा वाकवला, वर्तुळात वर्तुळ ठेवलं,
दोघांना कुलूप घातलं
आणि शेजारी लिहिलं :
इथे पाणी थांबतं. मग जातं. सरळ करू नये.

जांभळा कर्सर तिथवर आला. थांबला.
"समजले. असे आणखी सहा वाकडे बाण होते.
तेही पूर्ववत करून त्यांना कुलूप लावू का?"

आप्पांना वाचून दाखवलं.
तेव्हा पहिल्यांदाच ते माझ्याशी नाही, त्याच्याशी बोलले,
पडद्याकडे मान वळवून, जरा मोठ्यानं,
कमी ऐकू येणाऱ्याशी बोलावं तसं :
"धाकला, त्यामाईन दोन नुसताच वाकडा शेतस."

कोणते दोन, मी विचारलं.
उद्या, म्हणाले, आणि दारामागची चावी उचलली.
सासू उघडायची वेळ झाली होती,
आणि ते दाराशी उभे राहून
माझ्याकडे बघत होते.