झेला

नऊ दिवस झाले, आम्ही बोललो नाही.
तरी पहाटे नाव ढकलायला दोघं लागतात,
म्हणून तो मागून, मी पुढून.
येलदरीचं पाणी पौषातलं,
पायाला लागलं की थेट मणक्यापर्यंत बातमी जाते.

नाव म्हणजे काय,
चार फळ्या, डांबर, आणि एका कडेला
निवडणुकीच्या बॅनरचं ठिगळ.
त्यावर कुणाचे तरी जोडलेले हात,
अजून जोडलेलेच.

तो गळाशी. मी झेल्याशी.
लग्नापासून असंच ठरलंय.

झेल्याची कडी त्याच्या जुन्या सायकलीची रिंग.
दांडा वेळूचा, माझ्या भावानं दिलेला.
आणि जाळी नवी, हिरव्या नायलॉनची,
जिंतूरच्या बाजारातली.
ती जाळी म्हणजे माझी शेळी.
कपाळावर पांढरा ठिपका, दोन वेताची,
मला न विचारता मंगळवारी विकली.
'जुन्या जाळीतून मासं निसटायलेत,' म्हणाला.
मी म्हटलं, 'शेळी निसटत नव्हती.'
ते शेवटचं बोलणं.
तेव्हापासून घरात कोरा चहा.

झेला धरायचं काम दिसायला सोपं.
मला सासऱ्यानं शिकवलं. उजव्या हाताला तीनच बोटं त्याच्या,
दोन उसाच्या चरकानं खाल्लेली.
म्हणायचा, 'माशामागं पळू नगं, पोरी.
झेला पाण्यात बुडवून ठिव न् इसरून जा.
त्यो डोक्याकडून येऊ दे.
शेपटीकडून घ्यायला गेलीस तर त्यो पुढं, तू मागं.
न् दोराला कडी लागू देऊ नगं.
लागली, की समज, तूच सोडलास त्याला.'

उन्हं डोंगरावरून उतरली तेव्हा दोर ताणला.
आधी वाटलं, बुडालेल्या बाभळीचं खोड.
मग खोड चालायला लागलं.
त्यानं सैल दिलं, ओढलं, पुन्हा सैल.
मी गुडघ्यावर, कोपरापर्यंत पाण्यात.
नाव माझ्याकडं कलली
तसा तो न सांगता पलीकडं सरकला.
एवढं अबोल्यातही येतं.

कटला वर आला.
हे एवढं डोकं, खालचा ओठ पुढं काढलेला,
जसं त्यालाही कुणी काही विचारलं नव्हतं.
झेला बघून एकदा खाली गेला.
पुन्हा आला तेव्हा कुशीवर होता, दमलेला,
तोंड माझ्याकडं.

घ्यायचं कधी, ते गळवाला सांगतो.
एकच शब्द असतो: घे.
तो शब्द येईना.
मीही मान वळवली नाही. मी पण मीच.
मासा कडीच्या तोंडाशी,
कल्ले उघडतायत, मिटतायत,
आणि माझ्या पाठीमागं त्याचा श्वास,
तोही तसाच.

'कौतिके,' तो म्हणाला.

घे नव्हे, नाव.
बसलो होतो ती नव्हे, माझं.
चौदा वर्षं 'अगं' आणि 'ऐकलंस का' यावर निभावलेलं.

दांडा उचलायचा नसतो, मोडतो.
कडी उभी करायची आणि अंगाकडं ओढायची.
ओढली.
सगळं वजन मनगटात आलं,
पाणी जाळीतून धो धो गळलं,
नायलॉन ताणला, करकरला,
पण एक गाठ सुटली नाही.
हे मला कबूल करायचं नव्हतं.

काठावर, ठेकेदाराच्या काट्यावर, साडेसात किलो.
मुनीम म्हणाला, 'गळ कुणाचा?'
त्यानं बिडी पेटवली. दोन झुरके घेतले.
'झेला तिचा,' म्हणाला.

घरी येऊन मी झेला धुतला
आणि वाळायला ठेवला
शेळीच्या खुंट्याला टेकवून. मुद्दाम.
त्यानं बघितलं.
मग चूल त्यानं पेटवली, पाणी त्यानं ठेवलं,
साखरही त्यानंच घातली, अंदाजानं,
कारण चौदा वर्षांत कधी घातली नव्हती.

'लई गोड झालाय,' मी म्हटलं.
तक्रारच होती ती.