शुद्धिपत्र

तपकीर गल्लीतल्या मुदस्सरनं खोका उघडला
आणि काचेवरची पातळ पट्टी मला सोलायला दिली.
म्हणाला, काका, पहिल्यांदा मालकानंच काढायची.
मी मालक.
त्रेचाळीस वर्षं शुक्रवार पेठेत दुसऱ्याच्या छापखान्यात
उभ्यानं कंपोझ केलं,
मालक आत्ता झालो,
आठ हजार नऊशे नव्व्याण्णव रुपयांना.

आधी त्यानं बोट मागितलं.
अंगठा ठेवला. पुन्हा प्रयत्न करा.
तर्जनी ठेवली. पुन्हा प्रयत्न करा.
शिशाच्या खिळ्यांनी आणि रॉकेलच्या बोळ्यांनी
रेषा कधीच्याच पुसल्यात,
रेशनच्या दुकानातही हेच होतं.
मुदस्सर म्हणाला, डावी करंगळी बघू.
झटक्यात दार उघडलं.
स्टिक धरताना ही नुसती बाजूला उभी असायची,
जन्मात एक अक्षर उचललं नाही तिनं.
आता तिच्याशिवाय आत जाता येत नाही.

आत प्रश्नच प्रश्न.
तुमचे संपर्क बघू का? फोटो बघू का?
तुम्ही कुठे आहात ते सतत बघत राहू का?
राहू का, असं विचारतो तरी.
आमच्या शेठनं कधी विचारलं नव्हतं,
चहाला खाली उतरलो तरी गॅलरीतून मोजायचा.

बसचं अॅप घेतलं. त्यात बस पुलावर आलेली दिसते,
आणि मी मनपाच्या थांब्यावर
खऱ्या पुलाकडे बघत असतो.

घरी अक्षरं शोधायला बसलो.
केसमध्ये डोळे मिटून हात जायचा,
'र' पोटाजवळ, 'त' त्याच्या शेजारी,
वर्षाकाठी एकदा लागणारा 'ङ' वरच्या कोपऱ्यात धूळ खात.
इथे 'ळ' सापडेना.
शेजारची ओवी म्हणाली, आजोबा, 'ल' दाबून धरा.
धरला. त्याच्या पोटातून 'ळ' निघाला.
शिवाय इथली अक्षरं सरळ,
मी आयुष्यभर उलटी वाचलेली,
त्यामुळे अडखळतो.
आणि अर्धा शब्द लिहिला की पुढचे तीन
हा आपणहून आणून ठेवतो,
ऑर्डर न ऐकताच पाणी आणणाऱ्या पोऱ्यासारखा.

ओवीनं जुन्या डायरीतले नंबर चढवले.
गुंजाळ मास्तरांचाही चढला. मी नको म्हणालो नाही.

मास्तर प्रूफं बघायचे.
छापखाना बंद व्हायच्या आदल्या वर्षी
एका लग्नपत्रिकेत वधू शालिनीची मालिनी झाली,
पाचशे प्रती.
मी म्हणालो, तुम्ही बघितलं नाहीत.
ते म्हणाले, तुम्ही लावलंत.
सतरा वर्षं झाली त्याला.
ती मुलगी आता स्वतः कुणाच्या तरी मुंजीच्या
पत्रिका वाटत असेल.

वर्तुळात त्यांचा फोटो, टोपी तीच.
चिंचवडला मुलाकडे असतात म्हणे.
रात्री दहा वाजता, एका बोटानं, वीस मिनिटं लावून लिहिलं:
मास्तर, मी सणस. फोन घेतला. ठिक आहे.

दोन खुणा उमटल्या. मग निळ्या झाल्या.
मग बराच वेळ काही नाही.
मी पाणी प्यायलो. दाराची कडी पाहून आलो.

उत्तर आलं:
ठीक. दुसरी वेलांटी.

एवढंच. नमस्कार नाही, कसे आहात नाही.
चष्मा काढून पुसला, परत वाचलं.
तो शब्द पोऱ्यानं आणून ठेवलेला,
मी न बघता घेतलेला.
म्हणजे तेव्हाचंही
बहुधा मीच लावलं होतं.

सकाळी पुन्हा बसलो.
तब्येत लिहिलं, त्यानं 'कशी' पुढे केलं,
शुद्ध, नीटनेटकं.
ते खोडलं.
एक एक अक्षर उचलून, सावकाश लावलं:
तब्येत कशि आहे?
आणि करंगळीनं पाठवलं.