अकरा पट्ट्यांचा हंडा

समुद्रावरून चढणाऱ्या धुक्याला
डंडीत ‘हार’ म्हणतात.
इशबेल खिडकीशी उभी राहून सांगते, आज हार आहे,
आणि अकरा महिने मला वाटत आलंय
ती माझ्या कामाबद्दल बोलतेय.

टे नदीवरचा पूल दिसत नाही.
तिचे वडील जन्मभर त्याला रंग देत होते.
एका टोकाला पोचेपर्यंत
दुसऱ्या टोकाला गंज.
पूल जिंकला, म्हणते ती, आणि कप विसळते.

माझा बाप तांबट.
इथे दारावरच्या पाटीवर ‘टॅम्बॅट’ लिहिलंय,
मी दुरुस्त केलं नाही.
हंडा मठारताना तो बोलत नसे:
ठोका, फिरव, ठोका, फिरव,
पत्र्याला कळू न देता त्याला पोट आणायचं.

प्रथिनाचाही हंडाच असतो.
अकरा पट्ट्या गोल उभ्या,
मधोमध हिरवी ठिणगी,
पिढ्यांमागे कुणा जेलीफिशकडून उसनी आणलेली.
फरक इतकाच की हा हंडा
स्वतःला स्वतःच मठारतो.

मी बाहेरच्या भिंतीत दोन कड्या बसवल्या, गंधकाच्या.
पेशीत गंज चढू लागला
की त्या एकमेकींत अडकाव्यात,
निवलं की सुटाव्यात.
आधी एक एकशे अठ्ठेचाळिसाव्या जागी बसवली होती.
ती आत तोंड करून बसली,
रुसलेल्या माणसासारखी.
एका घराची चूक,
अकरा महिने.

काल रात्री एकशे सत्तेचाळीस आणि दोनशे चार.
पेरॉक्साइडचा थेंब टाकला:
जांभळ्या उजेडाची रेघ वर गेली,
निळ्याची खाली आली.
धुतलं. मग ती दुसरी कुपी,
जिला उघडलं की मजला नाक मुरडतो.
रेघा उलटल्या.
चिंचेच्या कोळानं ताम्हन घासावं
आणि काळ्याखालून गुलाबी तांबं उघडं पडावं,
अगदी तसं, फक्त
घासायला कुणाचा हात नाही.

पेशी जाड आहे की पातळ,
आत हंडे शंभर की लाख,
फरक पडत नाही. भागाकारात ते सगळं उडून जातं.
किती उजळलास, असं त्याला विचारायचं नसतं.
कोणत्या उजेडानं उजळलास, ते विचारायचं.
उत्तर दर वेळी हिरवंच येतं.

हे सांगायला कुणी नव्हतं. दोन वाजले होते.
फोन वाजला तेव्हा मला वाटलं इशबेल.

दादा होता.
दुकान विकल्यापासून तीन वर्षं
आम्ही एकमेकांकडे पाठ करून बसलेलो.
अण्णांना ऑक्सिजन लावलाय, म्हणाला.
बोटाला चिमटा आहे, त्यावर आकडा येतो.
मी म्हटलं, माहीत आहे,
त्यात दोन उजेड असतात, एक लाल,
एक आपल्याला न दिसणारा,
आणि दोघांचा भागाकार.
का सांगितलं कोण जाणे.
तो ऐकत राहिला.
मागून यंत्राचा आवाज येत होता, टिक, टिक,
जवळजवळ ठोका, फिरव.

अठ्ठ्याऐंशी, म्हणाला.
थोड्या वेळानं पुन्हा, अठ्ठ्याऐंशी.

कड्या ताणातच अडकतात, हे मी
सहा आलेखांत दाखवू शकते आता.
अण्णा घरी आले
की आम्ही बहुधा सुटू परत;
पेशीत तरी ती
बरं असल्याची खूण मानतात.
पण फोन कुणीच ठेवला नाही.
मी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला,
अंधारात बसले, कान गरम झालेला.

सकाळी इशबेल आली, कोट ओला.
पुलाचे चार खांब दिसतायत, म्हणाली.
मी बोट वर केलं, थांब.

एकोणनव्वद, दादा म्हणत होता.
नाही, गेला.
थांब हां.
एकोणनव्वद.