तेरानंतरचा दहा

मकरपुऱ्याच्या वजनकाट्यावर
दर ट्रकमागे दोन पावत्या निघत,
एक भरलेली, एक कोरी.
शेठनी फोनवर विचारलं,
"बेन, आ खाली टेम्पो कोनो?"

रात्री साडेनऊला केबल लावून बसले.
जशुभाईंना म्हटलं, एंटर दाबा. एकदाच.
पडद्यावर तेरा आला
आणि त्याच्या पाठोपाठ, चप्पल न वाजवता, दहा.

तेरा म्हणजे गाडा ओळीच्या सुरुवातीला आणणं,
दहा म्हणजे कागद एक ओळ सरकवणं.
टाइपरायटर भंगारात गेले,
कळ एकच राहिली
पण बोलते अजून दोन्ही.
माझा कोड दोघांनाही 'संपलं' समजायचा.
दहाच्या वेळी संपायला काही नसायचं,
तेवढंच तो छापायचा.

मग एक चल ठेवलं, मागचं अक्षर लक्षात ठेवायला.
मागे तेरा असेल तर दहा गिळायचा.
एकटाच आला तर मात्र
त्याचा मान त्याला.

बाहेर सिमेंटचा ट्रक चढला. जशुभाईंनी कळ दाबली.
एक पावती.
ती फाडून ते हात तसाच धरून उभे,
प्रिंटर गप्प.
"कोऱ्यांवर चहाचा हिशेब लिहायचो," म्हणाले,
आणि खिशातला गठ्ठा दाखवला,
मार्चपासूनचा.