समुद्राचं वेगळं असतं

मंगळवारी चार वाजता, कोडियाकच्या वाचनालयात
हीटरजवळचं टेबल माझं.
पाटी नाही. पोरांना आपोआप कळतं
की ही म्हातारी इंग्रजीचं बघते.

तीस वर्षं मी बंदरातल्या रेडिओवर हवामान वाचलं.
वारा नैऋत्य, पंचवीस. लाटा नऊ फूट. दिसतंय अर्धा मैल.
ना 'अ', ना 'द', क्रियापदसुद्धा जेमतेम.
बोटीवरच्या माणसाला व्याकरणाइतका वेळ नसतो.

आणि आता हा जुनेल आबार्केझ, दहावीतला,
उन्हाळाभर कॅनरीत सॅमन साफ केलेल्या बोटांत
पेन्सिल धरून विचारतो,
मिसेस लुकिन, कुठे 'अ' आणि कुठे 'द'?

सांगते: कुत्रा पहिल्यांदा दारात आला, तर 'अ'.
पुढच्या ओळीत तोच कुत्रा, तर 'द'.
एकदा तोंडओळख झाली, की झालं.

आणि समुद्र? तो म्हणतो.
त्याची कुणी ओळख करून दिली?
पहिल्याच ओळीत 'द सी'!

समुद्राचं वेगळं असतं, मी म्हणते.
तो वहीत लिहून घेतो: समुद्राचं वेगळं असतं.
खाली दोन रेघा, नियमाला मारतात तशा.

शेजारी टालिया फासावालू, बारावीची, बाप ट्रॉलरवर.
धड्यातल्या गोष्टीत धुकं आहे, आणि प्रश्न:
धुकं कशाचं प्रतीक आहे? शंभर शब्दांत लिहा.
तिनं लिहिलंय,
धुकं म्हणजे इंजिन कमी करा आणि दर दोन मिनिटांनी भोंगा वाजवा.
अकरा शब्द झाले, म्हणते. उरलेले एकोणनव्वद कुठून आणू?

चूक म्हणायला माझी जीभ वळेना.
विचारलं, गोष्टीतला माणूस वाजवतो का भोंगा?
तिनं पानं उलटली. पुन्हा उलटली.
नाही.
का नाही?
बराच वेळ हीटर तेवढा बोलत होता.
त्याला सापडायचंच नाहीये, ती म्हणाली.
लिही, म्हटलं. हेच. आणि पान नंबर टाक.

जुनेलचा निबंध परत आला तो लाल वर्तुळांनी भरून,
सात ठिकाणी 'द' गळालेले.
बोटीतून उतरताना सांडले असतील, म्हणाला,
आणि एकेक उचलून जागेवर ठेवत बसला, सहा वाजेपर्यंत.

जूनमध्ये शाळा सुटली.
माझ्या टेबलावर आता नकाशे पसरलेले टुरिस्ट.
घरी रेडिओ चालूच असतो, सवय.
काल पहाटे कांदा चिरताना त्याचा आवाज आला,
मामाच्या बोटीवरून, खरखरीतून, थोडा मोठा झालेला:
धुकं दाट. वेग चार. बंदराकडे येतोय.

एकही 'द' नाही.
एकही चूक नाही.

खिडकीबाहेर शेजाऱ्याचं कुंपणसुद्धा दिसत नव्हतं.
सुरी खाली ठेवली, घड्याळ समोर ओढलं,
भोंगा ऐकला, आणि मोजत बसले
दोन मिनिटं.
मग पुन्हा दोन मिनिटं.